जुन्या नावेला काठी कोणती?

(डोंगरकडा, ता. कळमनुरी, जि. हिंगोली येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मघाशी चहा घेताना एका काकांनी मला अडवलं. म्हणाले, "सर, समुद्र इथून पाचशे किलोमीटरच्या पुढं. आमच्याकडं पाणी म्हणजे कयाधू न् इसापूरचं धरण. शिडाच्या नावेची काठी आम्हाला सांगून काय उपयोग?" प्रश्न रास्त आहे. मी काकांना एवढंच विचारलं की जू कोणत्या लाकडाचं करता? काका लगेच सुरू झाले. जू जड नको, बैलाला खांदेसूज येते. चाकाला बाभूळ लागते. घराच्या आढ्याला साग. एकच लाकूड सगळीकडं चालत नाही. मी म्हटलं, काका, अर्धं व्याख्यान तर तुम्हीच दिलंत. (हशा)

आज मी इतिहासच सांगणार आहे, पण तो एका काठीच्या अंगानं. त्या काठीला नावाडी स्पिनेकर पोल म्हणतात. आधी ती काय काम करते ते समजून घेऊ, म्हणजे पुढचं अवघड जाणार नाही.

शिडाच्या नावेत मधोमध उभी असते ती डोलकाठी. वारा बाजूनं असला की शिडं छान ताणून राहतात. वारा थेट पाठीमागून आला की पंचाईत होते. पुढचं शीड मोठ्या शिडाच्या आडोशाला जातं, लोळागोळा होऊन फडफडत बसतं. मग काय करायचं? एक आडवी काठी घ्यायची, तिचं एक टोक डोलकाठीला अडकवायचं, दुसऱ्या टोकानं शिडाचा कोपरा बाहेर ढकलून धरायचा. आपण वाळवणाची चादर काठीनं ताणून धरतो ना, तसं. काठी वर धरायला एक दोर, खाली ओढायला एक दोर, मागं खेचायला एक दोर. फुग्यासारखं फुगणारं जे हलकं शीड असतं, त्याला स्पिनेकर म्हणतात. हे नाव १८६० च्या दशकात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या शर्यतींत रुजलं. स्फिंक्स नावाच्या नावेवरून ते पडलं असं सांगतात. पण काठीनं शीड बाहेर धरायची युक्ती त्याहून कितीतरी जुनी आहे.

आपल्या कोकणातली गलबतं बघा. त्यांचं तिरकं शीड एका लांबलचक काठीला बांधलेलं असतं, तिला परबाण म्हणतात. हे परबाण कधीकधी डोलकाठीहूनही लांब असतं. एवढं लांब, सरळ, एकसंध लाकूड मिळणं कठीण, म्हणून दोन-तीन काठ्या एकमेकींवर चढवून दोरानं घट्ट आवळत. यात दुसराही फायदा होता. एक तुकडा तडकला तर तेवढाच बदलता येई, सगळं परबाण फेकावं लागत नसे. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागणार आहे.

आता इतिहासाकडं येतो. आरमार म्हटलं की आपल्याला तोफा आठवतात, कान्होजी आंग्रे आठवतात. पण आरमार चालवणाऱ्याच्या डोक्याला खरा घोर असायचा लाकडाचा. शेकडो वर्षांचं सरळ झाड हवं, ते समुद्रापर्यंत आणता आलं पाहिजे, आणि वादळात एका रात्रीत ते मोडू शकतं. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५-१६ च्या सुमारास आज्ञापत्र लिहिलं. राज्य कसं चालवावं हे सांगताना त्यांनी आरमारासाठी फळ्या, सोट, डोलकाठ्या कुठून आणायच्या हेही सांगितलं आहे. त्याचा मतितार्थ असा: राज्यातल्या रानात साग वगैरे आहे तो परवानगीनं तोडावा. कमी पडलं तर परमुलखातून विकत आणावं. पण रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरासारखी वाढवलेली असतात. एखादं झाड अगदी जीर्ण झालं असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावं.

म्हणजे काठी निवडताना पहिला प्रश्न काय? मजबूत किती, हा नंतर. ती कुणाच्या परसातून येणार, हा आधी.

याच काळात तिकडं अटलांटिक पलीकडं काय चाललं होतं बघा. इंग्रजांच्या आरमाराला उंच डोलकाठ्या हव्या होत्या आणि अमेरिकेच्या ईशान्य भागात पांढऱ्या पाइनची प्रचंड झाडं होती. १६९१ च्या मॅसॅच्युसेट्सच्या सनदेत कलम घातलं गेलं की जमिनीपासून एक फुटावर ज्याचा व्यास २४ इंच किंवा जास्त आहे असं, खासगी मालकीत न गेलेल्या जमिनीवरचं झाड राजाचं. अशा झाडावर कुऱ्हाडीनं बाणासारखी खूण करत. पुढं हे निर्बंध वाढत गेले, लोक चिडत गेले, आणि १७७२ मध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये त्यावरून दंगा झाला. तीन-चार वर्षांनी अमेरिकेनं स्वातंत्र्याचं युद्धच पुकारलं. त्या युद्धाला कारणं पुष्कळ होती, पण गावोगावच्या रागात ही झाडंही होती. दोन्ही राज्यांची गरज एकच होती, लांब सरळ काठी. एकानं रयतेला विचारून घ्या म्हटलं, दुसऱ्यानं खूण करून टाकली.

आता मुंबईला या. १७३६ च्या सुमारास सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया हे कारागीर मुंबईत आले आणि वाडिया घराण्यानं पुढं दीड शतक जहाजं बांधली. सागाची जहाजं. १८१७ साली मुंबईत पाण्यात सोडलेलं ट्रिंकोमाली हे लढाऊ जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर तरंगतंय. दोनशे वर्षं झाली! सागात तेल असतं, तो कुजत नाही, त्यात ठोकलेला लोखंडी खिळाही ओकमधल्यासारखा लवकर गंजत नाही.

पण सागाची एवढी ख्याती असून पश्चिम किनाऱ्यावर डोलकाठ्यांसाठी आणि आडव्या काठ्यांसाठी दुसऱ्याच झाडाला मागणी असायची. त्याचं नाव पून. आपल्याकडं उंडी म्हणतात ना, त्याच्याच कुळातलं, पण सह्याद्रीच्या दमट रानात सरळसोट उंच वाढणारं. इंग्रजांच्या कागदपत्रांत ‘पून स्पार्स’ हे शब्द वारंवार येतात, स्पार म्हणजे नावेवरची कुठलीही काठी. कारण साधं आहे. नावेचा तळ जड असला तर चालतं, उलट बरंच असतं. उंचावर टांगलेली काठी जड असली तर नाव डुलते, कलंडते, आणि चार माणसांना ती हाताळता येत नाही. म्हणजे काकांचं जू! बैलाच्या खांद्यावर जे यायचं ते हलकं पाहिजे. गोदीतल्या सुतारालाही हे कुणी कॉलेजात शिकवलेलं नव्हतं.

याच मुंबईत पुढं एक छोटी नाव झाली. तिच्यासाठीच आजचा विषय घेतला. १९६३ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाचा ब्रिटिश बोटीवरचा एक तरुण अधिकारी मुंबईत होता. त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी कुलाब्याला ३२ फुटांची सागाची नाव बांधायला दिली. आपल्या सुतारांनी ती तासणीनं तासली, दोरीच्या सामत्यानं भोकं पाडली. यंत्रं जवळजवळ नाहीतच. नकाशाही १९२० च्या दशकातला, म्हणजे नाव जन्मतःच जुन्या वळणाची. नाव ठेवलं सुहेली. सुहेल हा अरबी शब्द, आपण ज्याला अगस्तीचा तारा म्हणतो तोच. पावसाळा सरत आला की अगस्ती उगवतो हे तुम्हाला मी काय सांगावं.

१४ जून १९६८ ला हाच माणूस इंग्लंडच्या फॅल्मथ बंदरातून सुहेली घेऊन एकटा निघाला. कुठंही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा, जी तोवर कुणी केली नव्हती. शर्यतीत नऊ जण होते. त्यातल्या कित्येकांकडं सुहेलीपेक्षा वेगवान, नव्या नावा होत्या. वाटेत सुहेलीचा रेडिओ बंद पडला, गोडं पाणी नासलं, वाऱ्यावर आपोआप सुकाणू धरणारं यंत्र मोडलं. ते मोडल्यावर त्यानं शिडांचा तोल असा साधला की नाव स्वतःहून वाट धरून राहील. २२ एप्रिल १९६९ ला, ३१२ दिवसांनी, तो परत पोचला. नऊपैकी तो एकटाच. नाव चालवणाऱ्याचं नाव जगभर गेलं, त्याला सर ही पदवी मिळाली. कुलाब्याच्या त्या सुतारांची नावं आपल्यापैकी कुणाच्या तोंडी नाहीत. मला याचं वाईट वाटतं, म्हणून ते इथं बोलून ठेवतो.

आता जरा स्वतःची फजिती सांगतो. माझ्या एका मित्रानं मुंबईत एक जुनी नाव घेतली होती, सत्तरच्या दशकातली, फायबरची. तिच्यावरचा पोल हरवलेला होता. आम्ही दोघं शहाणे. म्हटलं, घ्यायचाच आहे तर चांगला लांब घेऊ, शीड जास्त बाहेर जाईल, वेग मिळेल. कुणाच्या तरी मोठ्या नावेवरचा अ‍ॅल्युमिनियमचा पोल स्वस्तात मिळाला. हिवाळ्यात कोकण किनाऱ्यानं दक्षिणेकडं निघालो. दुपारनंतर वायव्येचा वारा मागून लागतो, त्यावर मस्त पळायचं असा बेत. तासभर पळालोही. मग वारा जरा बाजूला सरकला, पोल पुढं गेला आणि नाळेपासून डोलकाठीच्या टोकापर्यंत जो पोलादी तार असतो त्याला टेकला. एक धक्का बसला आणि पोल मधोमध वाकला. हाताच्या कोपरासारखा. त्याहून वाईट म्हणजे डोलकाठीवरची कडी, ज्यात तो अडकवला होता, ती निम्मी उखडली. पोल गेला त्याचं दुःख नव्हतं. डोलकाठी गेली असती तर आम्ही गेलो असतो.

घरी आल्यावर मी हा विषय वाचायला बसलो. त्यातलं जे कळलं ते चार गोष्टींत सांगतो.

पहिली, लांबी. डोलकाठीच्या पुढच्या बाजूपासून नाळेवरच्या तारेच्या बुडापर्यंतचं अंतर मोजायचं. साधारण तेवढाच पोल. शर्यतीच्या नियमांनी हे माप पूर्वीपासून धरलं, त्यामागं अक्कल आहे. लांब पोल घेतला तर शीड या बाजूचं त्या बाजूला करताना तो तारेच्या आतून फिरत नाही, आणि नाव डुलली की त्याचं टोक पाण्यात बुडतं.

दुसरी, जाडी. पोलावर जोर आडवा येत नाही, टोकांकडून येतो, दोन्हीकडून दाबल्यासारखा. असा दाब आला की लांब बारीक काठी तुटायच्या आधी बाकते. किती दाबाला बाकेल याचं गणित ऑयलर या गणितज्ञानं १७४४ मध्ये मांडलं. लांबी दुप्पट केली की सहनशक्ती चौथाईवर येते. आमचंच बघा. १२ फुटांच्या जागी १४ फुटांचा पोल घेतला, तर तेवढ्याच जाडीत ताकद चौथाईहून जास्त घटते. दोनच फुटांची हाव! म्हणून लांबी वाढवायची तर जाडीही वाढवावी लागते, आणि मग वजन वाढतं. शिवाय वारा बाजूला सरकतो तसा पोल मागं खेचणाऱ्या दोराचा कोन निमुळता होतो आणि पोलावरचा दाब कितीतरी पटींनी वाढतो. आम्ही त्याच क्षणी सापडलो.

तिसरी, कशाचा. जुन्या नावांवर लाकडी पोल असत, स्प्रूससारख्या हलक्या लाकडाचे. मग अ‍ॅल्युमिनियमची नळी आली. आता कार्बन फायबर. कार्बन वजनाला अर्धा आणि ताठ. पण तो इशारा न देता एकदम फुटतो, आणि खाऱ्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियमला टेकून राहिला तर अ‍ॅल्युमिनियम खातो. जुन्या नावेची डोलकाठी बहुधा अ‍ॅल्युमिनियमची, कड्या ओतीव, तीस-चाळीस वर्षं मीठ पिलेल्या. तिथं नवाकोरा ताठ पोल लावणं म्हणजे जुन्या धुऱ्याला नवा ट्रॅक्टर जोडणं.

चौथी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. रोटाव्हेटरचा शिअर बोल्ट तुम्ही सगळ्यांनी बदललाय. तो मुद्दाम कच्चा ठेवतात. दगड लागला तर दहा-वीस रुपयांचा बोल्ट तुटावा, गिअरबॉक्स वाचावा. काही शहाणे तिथं पक्का बोल्ट घालतात आणि मग गिअरबॉक्स घेऊन तालुक्याला जातात. (हशा) जुन्या नावेवर पोल हा तसा बोल्ट असतो. तो डोलकाठीहून बळकट झाला तर मोडायची पाळी डोलकाठीवर येते. म्हणून पोल घेण्याआधी डोलकाठीवरची कडी, तिचे रिव्हेट, तिच्याखालचं गंजलेलं पांढरं पीठ हे बघायचं. जुन्या नावेला झेपेल तेवढाच बळकट पोल, आणि दोन माणसांना रात्रीच्या अंधारात उचलता येईल तेवढाच जड.

मग कुणी म्हणेल, मोडणारच आहे तर काहीही चालेल की. तसंही नाही. ते का, हे सांगतो आणि थांबतो.

सुहेलीच्या प्रदक्षिणेला ५० वर्षं झाली म्हणून २०१८ मध्ये तीच शर्यत पुन्हा भरवली. नियम असा की नावा जुन्या वळणाच्या, १९८८ च्या आधी आखलेल्या, ३२ ते ३६ फुटांच्या. दिशा शोधायला सेक्स्टंट आणि कागदी नकाशे. आपल्या नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी त्यात होते. त्यांची नाव तुरिया ही सुहेलीचीच प्रतिकृती, गोव्यात बांधलेली. रत्नाकर दांडेकरांच्या ज्या कारखान्यात आधी म्हादेई झाली, तिथंच. म्हादेई घेऊन दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, ते पहिले भारतीय. कुलाब्याच्या सुतारांचा धागा असा दिवाडी बेटापर्यंत येतो.

२१ सप्टेंबर २०१८ ला हिंदी महासागराच्या दक्षिणेला, ऑस्ट्रेलियाच्या पर्थपासून साडेतीन हजार किलोमीटरवर, वादळात तुरिया उलटीपालटी झाली. डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीचा कणा दुखावला, त्यांना उभं राहता येईना. त्याच वादळात आयर्लंडच्या ग्रेगर मॅकगुकिन यांच्या नावेच्याही डोलकाठ्या गेल्या. पण ते चालते-फिरते होते. त्यांनी कामचलाऊ शीड उभारलं आणि टॉमींच्या दिशेनं नाव वळवली. २४ तारखेला ओसिरिस या फ्रेंच जहाजानं टॉमींना उचललं आणि पाठोपाठ मॅकगुकिन यांनाही घेतलं. पुढं आपलं आयएनएस सातपुडा टॉमींना आणायला गेलं. त्या शर्यतीत पाच नावांच्या डोलकाठ्या मोडल्या आणि पाचच नावा शेवटपर्यंत पोचल्या.

भर समुद्रात डोलकाठी गेली की नावेवर उभं करायला काय उरतं? हाच पोल. जगभरचे नावाडी हेच करतात. पोल उभा बांधायचा, त्याला फाटकं-तुटकं शीड लावायचं आणि हळूहळू किनारा गाठायचा. म्हणून जुन्या नावेचा पोल निवडताना जाणता माणूस आणखी एक प्रश्न विचारतो: उद्या ही काठी उभी केली तर ती मला घरी नेईल का? हातातल्या करवतीनं कापता येईल का, भोक पाडता येईल का, दोरानं आवळता येईल का? परबाणाचं आठवतंय ना, तुकडा बदलता येईल असं बांधलेलं? तेच.

टॉमींच्या पाठीत धातूच्या पट्ट्या बसवल्या. चार वर्षांनी, सप्टेंबर २०२२ मध्ये, ते पुन्हा त्याच शर्यतीत उतरले. या वेळी रस्लर ३६ जातीची जुनी नाव, बायानत. वाटेत सुकाणू धरणाऱ्या यंत्राचा भाग तुटला तेव्हा त्यांनी शौचालयाचं दार कापून तो बनवला. २३६ दिवसांनी, २९ एप्रिल २०२३ ला, ते दुसरे आले. दार कापता आलं म्हणून काम भागलं. नावेवरची प्रत्येक फळी उद्या दुसऱ्या कामाला येऊ शकते.

काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलंय. उपयोग एवढाच. किनवट-माहूरच्या सागापासून तुमच्या बांधावरच्या बाभळीपर्यंत कोणतं लाकूड कशाला, हे तुमच्या पिढीला हातानं माहीत आहे. गावात सुतारमेट बंद पडत चाललेत, जू आणि तिफण लोखंडाची झाली. त्यात वाईट काही नाही. पण ते ज्ञान कुणी लिहून ठेवलेलं नाही. कुलाब्याच्या सुतारांचंही ठेवलं नव्हतं. गोव्यात सुहेलीची बहीण बांधायची वेळ आली तेव्हा नकाशा मिळाला. पण तासणी चालवणारा तो हात काही कागदावर मिळाला नाही.

मागं उभ्या पोरांना माझी एक विनंती आहे. उद्या घरी आजोबांना विचारा, आपल्या औताचं कोणतं लाकूड कुठलं होतं आणि का. वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी मी आलो की ती वही मला वाचायला द्या.